जर्मनची की फायबरची

काहिलीच्या बुडाला तिसरं भोक पडलं
तेव्हा मी म्हटलं, आता पुरे.
बंद पडलेल्या गुऱ्हाळातून सासऱ्यांनी आणलेली
लोखंडी काहील; गूळ आटवायची ती,
आमच्या घरी येऊन मासे धरायला शिकली.
उन्हाळ्यात अजून गोड वास येतो तिला, असं हे म्हणायचे.
मला कधी आला नाही.

बचत गटाचे पैसे माझे,
म्हणून निवडही माझी, असं ठरलं.
ठरलं म्हणजे, कुणी वाद घातला नाही एवढंच.

कुपवाडला, नजीर शिकलगारच्या शेडमध्ये
पहिली पाहिली. पत्र्याची, चकचकीत.
तो म्हणाला, ॲल्युमिनियम.
मी म्हटलं, म्हणजे जर्मन.
हसला. "हो मावशी, जर्मनच."
मग मला कळायला लागलं सगळं.
जर्मन हलकं, बंधाऱ्यापलीकडे दोघांत उचलून नेता येतं.
दगडावर आपटलं तर पोचा येतो, फुटत नाही.
पोचा आतून ठोकून काढायचा.
पण उन्हात तापतं. आणि आंबट लागलं की काळं पडतं,
ताक ठेवू नये त्यात, आई सांगायची.
नदीत मळी येते कधीकधी, ती आंबट का खारट?
नजीरनं चष्मा काढून पुसला.
"मावशी, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं."

दुसरी मिरज रस्त्याला, लोंढ्यांच्या कारखान्यात,
जिथं पाण्याच्या टाक्या, घसरगुंड्या
आणि लग्नाच्या मांडवातले हत्ती
एकाच उग्र वासात वाळत होते.
फायबर. निळं. आत काचेचे धागे असतात म्हणे,
गोधडीसारखे थरावर थर, मध्ये खळ.
काच? मी हात मागे घेतला.
धाकटा म्हणाला, स्वस्त आहे, गंजत नाही,
चीर गेली तर घरी लिंपता येते.
लिंपणं मला येतं.
पण चीर आतल्या आत जाते, वरून दिसत नाही,
हेही लोंढ्यांनीच सांगितलं. माणूस खरा वाटला.

दोन्हीकडे हे एक शब्द बोलले नाहीत.
बोटाच्या पेरानं नुसतं वाजवून पाहिलं,
बाजारात माठ वाजवतात तसं.
मोतीबिंदू झाल्यापासून ह्यांचं जाळं कानांवर चालतं.
जर्मनची घण्ण वाजली, शेडबाहेर गेला आवाज.
फायबरची थप्प. ओलं पोतं जसं.

रात्री भाकरी मोडता मोडता बोलले,
"वाम लई कानाची. वल्हं घासलं तरी दगडाखाली जाती.
वाजणाऱ्या नावंत मी बसंन,
मासा न्हाई थांबायचा."
मग बऱ्याच वेळानं,
"पर त्या पत्र्यातनं मला नदी ऐकू आली आस्ती."

मी हिशेब पुन्हा केला.
मोडीत जर्मनला किलोवर पैसे येतात,
फायबर कुणी फुकट नेत नाही.
नजीर म्हणतो तीस वर्षं टिकेल. लोंढे म्हणतात वीस.
परवाच्या रात्रीचं जाळं: अर्धी पाटी चिलापी,
एक कटला, तोही लहान.
वीस पुरतील.

फायबरची आणली हरिपूरला, संगमावर.
नारळ नावेवर फोडू दिला नाही धाकट्यानं,
चिरेला घाबरून. घाटाच्या पायरीवर फोडला.
रंगाऱ्यानं विचारलं, नाव काय घालू?
कुणालाच सुचेना.

पाणी उपसायला काहीतरी हवं
म्हणून मी घरून भगुलं आणलं, जर्मनचं,
लग्नातलं, तीन पोच्यांचं.
नावेला नाव नव्हतं, भांड्याला होतं:
काठावर टिंबाटिंबांनी,
गजरा सिदू भोई, समडोळी.
ह्यांनी त्यावरून अंगठा फिरवला.
मग ते नावेच्या तळाशी पालथं घातलं
आणि ओणवं होऊन वर कान टेकला.

आम्ही थांबलो.
वारणेचं पाणी कृष्णेत शिरत होतं.
"आलं का?" मी विचारलं.
"गप," म्हणाले.